टू टॉवर्स की रिटर्न ऑफ द किंग: पीएस-टूवर आधी कोणता?

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ चित्रपटांवरचे, ईए कंपनीचे, प्लेस्टेशन 2 (पीएस-टू) वरचे हे दोन मारधाडीचे गेम. एकट्याने खेळायचं तर 2002 चा ‘टू टॉवर्स’ घ्या. अ‍ॅरागॉर्न, लेगोलास किंवा गिमली, सुरुवातीला ही तीनच पात्रं. मोहिमा थोड्या, पण कसलेल्या. नवशिका अडकतो तो ढालवाल्या उरुक-हाय राक्षसांपाशी: हलका वार ढालीवर आपटून वाया जातो. जोरदार वाराने आधी ढाल फोडा, मग हलके वार करा. हेल्म्स डीप किल्ल्याच्या तटावर तर मारामारीत रमूच नका. शिडी लागली की आधी ती लाथेने पाडा, नाहीतर शत्रू संपतच नाहीत.

घरात भाऊ-बहीण असेल तर 2003 चा ‘रिटर्न ऑफ द किंग’. दोघांना एकत्र खेळता येतं, गँडाल्फ आणि सॅमही मिळतात. पडदा मात्र एकच, त्यामुळे एक पुढे पळाला की दुसरा कडेला अडकतो आणि भांडण ठरलेलं. पीसीवरही हा निघाला, पहिला नाही.

दोन्हींत वार अडवण्याची वेळ चुकते, त्यात बऱ्याचदा दोष नव्या एलईडी टीव्हीचा असतो. चित्र उशिरा येतं. टीव्हीचा गेम मोड चालू करा. चित्र पुसट असेल तर पुण्यात तापकीर गल्लीत पीएस-टूची कंपोनंट केबल विचारा. तीन रंगांची पिवळी-लाल-पांढरी नको, पाच पिनांची हवी. आणि गुरुवारी लाइट जाणार असेल तर लांबलचक मोहीम सुरू करू नका, सेव्ह मोहीम संपल्यावरच होतं.