बोलेरो डीआयचा अल्टरनेटर: नवा न घेता खोलून बांधलेला, पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

गाडी जुनी बोलेरो डीआय, २५२३ सीसी, मेकॅनिकल डिझेल पंपाची. बिघाड चार्जिंग बंद पडल्याचा. नवी असेंब्ली न घेता मूळचाच अल्टरनेटर, म्हणजे बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र, खोलला. कार्बन (आत घासत वीज पोचवणारे ब्रश), रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा), दोन्ही बेअरिंग, मागचं ऑइल सील, अल्टरनेटरच्या पाठीवरच्या व्हॅक्यूम पंपाची ओ-रिंग आणि बेल्ट नवे टाकले. आर्मेचर (फिरणारं वायंडिंग), स्टेटर (भोवतीचं स्थिर वायंडिंग) आणि डायोड प्लेट (एसीचा डीसी करणारी) जुनीच ठेवली. पूर्ण पावसाळा आणि त्यानंतरचे काही महिने गाडी घाटात आणि कोकणात भरपूर चालली. चार्जिंगबद्दल एकही तक्रार नाही. ब्रेकबद्दल नाही. बेल्ट आणि तांब्याच्या एका वॉशरने मात्र थोडा त्रास दिला, त्याबद्दल पुढे येईलच.

अल्टरनेटर गेला म्हणजे फक्त बॅटरी चार्ज होत नाही, हा समज पेट्रोल गाड्यांपुरता ठीक आहे. पेट्रोल इंजिनात ब्रेक बूस्टरला (पेडलचा जोर वाढवणाऱ्या डब्याला) लागणारं व्हॅक्यूम इनटेक मॅनिफोल्डमधून मिळतं. जुन्या डिझेलला थ्रॉटल नसतो, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होत नाही आणि वेगळा पंप लागतो. बोलेरो डीआय, जुनी सुमो, क्वालिस या गाड्यांत तो पंप अल्टरनेटरच्या पाठीला बसवलेला असतो आणि अल्टरनेटरच्याच शाफ्टवर फिरतो. त्याला इंजिन ऑइलची एक बारीक नळी येते, परत सम्पकडे (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या टाकीकडे) जाणारी एक जाड नळी असते. म्हणजे विजेचं यंत्र आणि ऑइल यांच्या मध्ये आडवं असतं ते एक छोटं रबरी सील. या प्रकारच्या अल्टरनेटरच्या निम्म्या कहाण्या त्या सीलपाशी सुरू होतात.

सील कडक झालं की ऑइल मागच्या बाजूने आत झिरपतं. कार्बन झिजून पडणारी पूड त्यात मिसळते, डांबरासारखा लगदा होतो आणि कार्बन आपल्या खोबणीत चिकटून बसतो. स्प्रिंग ढकलते, पण कार्बन स्लिप रिंगपर्यंत (शाफ्टवरच्या धातूच्या कड्यांपर्यंत) पोचत नाही. मग चार्जिंग कधी आहे, कधी नाही. बरेच वायरमन अशा वेळी फक्त कार्बन बदलून देतात. ते काही आठवडे चालतं आणि पुन्हा तेच होतं, कारण ऑइल येणं थांबलेलंच नसतं. अल्टरनेटरच्या पोटाखाली काळं ओलं दिसत असेल तर सील बदलल्याशिवाय दुसऱ्या कशावर पैसे घालू नयेत.

सील का जातं हेही बघायला हवं. वय हे एक कारण. दुसरं म्हणजे परतीची जाड नळी दबलेली, वळलेली किंवा आतून गाळाने भरलेली असणं: ऑइल खाली उतरत नाही, पंपात साचतं आणि सीलवर दाब येतो. तिसरं, इंजिनचा ब्लो-बाय (पिस्टनच्या कडेने खाली निसटणारा वायू) जास्त असणं. ऑइल भरायचं झाकण काढल्यावर धूर फुसफुसत असेल तर क्रँककेसमधला (इंजिनच्या खालच्या पोटातला) दाब त्याच परतीच्या नळीतून उलटा वर येतो. अशा इंजिनवर नवा अल्टरनेटर बसवला तरी तोही ओला होणार. आधी ब्रीदरची (हा दाब बाहेर सोडणारी) नळी साफ करून बघावी, पुष्कळदा तेवढ्यानेही फरक पडतो.

आता तपासणी. काहीही खोलण्याआधी एक साधा डिजिटल मल्टिमीटर हवा. इंजिन बंद, गाडी रात्रभर उभी असताना बॅटरीवर १२.६ व्होल्ट मिळाले तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, ११.९ म्हणजे रिकामी. बॅटरी रिकामी असेल तर ती आधी बाहेर चार्ज करून घ्यावी. मेलेल्या बॅटरीवर अल्टरनेटर तपासला की आकडे फसवतात. इंजिन चालू करून आयडलिंगपेक्षा थोडं वर, दीड हजार आरपीएमच्या आसपास, १३.८ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. हेडलाइट, ब्लोअर, वायपर सगळं लावूनही १३.५च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना १२.४ आणि तो हळूहळू उतरतोय, तर चार्जिंग शून्य आहे. १४.८च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेला. ही अवस्था चार्जिंग नसण्यापेक्षा वाईट, कारण बॅटरीचं पाणी उकळतं आणि हॅलोजन बल्ब एकामागून एक उडतात.

यानंतरची चाचणी फार कमी जण करतात, आणि तीच पैसे वाचवते. सगळे दिवे लावून, इंजिन चालू ठेवून, मल्टिमीटरची लाल पिन अल्टरनेटरच्या मागच्या जाड नटवर आणि काळी बॅटरीच्या प्लसवर धरायची. फरक ०.३ व्होल्टच्या वर दिसला तर वायर किंवा थिंबल (वायरच्या टोकाची कडी) खराब आहे, अल्टरनेटर नाही. तसंच अल्टरनेटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत: इथे ०.२च्या वर गेलं की अर्थिंग बघा. किनाऱ्यावर वापरलेल्या गाड्यांत थिंबलवर हिरवा थर हमखास असतो, आणि इंजिन ते चासी ही अर्थची पट्टी अर्धी तुटलेली असते. शंभर-दोनशे रुपयांच्या वायरसाठी अख्खा अल्टरनेटर बदललेल्या गाड्या कमी नाहीत.

डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याकडेही नीट बघावं. चावी फिरवल्यावर तो लागलाच पाहिजे. लागत नसेल तर बल्ब उडालाय किंवा अल्टरनेटरच्या मागची बारीक वायर निघालीय. याच दिव्यातून फिल्डला (आर्मेचरच्या वायंडिंगला) सुरुवातीचा करंट मिळत असल्याने, बल्ब गेला की चांगला अल्टरनेटरही जागा होत नाही, किंवा जोरात रेस केल्यावरच होतो. इंजिन चालू असताना दिवा मंद तेवत राहिला तर डायोडवर संशय घ्यावा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीवर धरला तर चांगल्या डायोड प्लेटला ०.१च्या आतबाहेर मिळतं. ०.५ किंवा जास्त म्हणजे डायोड फुटलाय. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी उतरते आणि सकाळी थंड इंजिनावर अल्टरनेटर कोमट लागतो, हे शॉर्ट झालेल्या डायोडचं लक्षण.

एक गोष्ट कुणी कितीही सांगितली तरी करू नये: इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून ‘गाडी चालू राहते का’ बघणं. हे जुन्या डायनामोच्या काळातलं खूळ आहे. मेकॅनिकल डिझेल तशीही चालू राहील, त्यातून काही सिद्ध होत नाही. वर व्होल्टेज एकदम उसळून रेग्युलेटर, डायोड आणि म्युझिक सिस्टीम तिघांचाही बळी जाऊ शकतो.

खोलल्यावर काय मोजायचं: दोन्ही स्लिप रिंगमध्ये रेझिस्टन्स साधारण अडीच ते चार ओहम. स्लिप रिंग आणि शाफ्टमध्ये काहीच कंटिन्युइटी (विजेचा जोड) नको. स्टेटरच्या तिन्ही टोकांत आपसात कंटिन्युइटी, बॉडीशी अजिबात नाही. वायंडिंगचं व्हार्निश काळं पडून जळका वास येत असेल तर रिवाइंडिंगच्या नादी न लागता सरळ दुसरी असेंब्ली बघावी. रिवाइंडिंग चांगलं होऊ शकतं, पण तारेचा गेज आणि वेढे मूळचे ठेवणारा कारागीर मिळणं नशिबाचा भाग. डायोड मल्टिमीटरच्या डायोड मोडवर एका बाजूने ०.४ ते ०.६ दाखवतो, उलट बाजूने काही नाही. सहा मोठे आणि फिल्डचे तीन छोटे असतील तर नऊच्या नऊ तपासावे. एक जरी गेला तरी प्लेटच बदलावी, कारण उरलेल्यांनीही तीच उष्णता सोसलेली असते.

कार्बन ५ मिलिमीटरच्या आसपास आला की संपला. स्लिप रिंगवर नुसता काळा थर असेल तर चारशे नंबरच्या पॉलिश पेपरने निघतो. नखाला लागेल इतकी खाच पडली असेल तर लेथवर हलका कट मारून घ्यावा किंवा रिंग बदलावी. नवा कार्बन खाच पडलेल्या रिंगवर महिन्याभरात कुरतडला जातो. बेअरिंग जुन्यावर कोरलेला नंबर बघून तोच घ्यावा, दोन्ही बाजूंनी रबर सील असलेला, नामांकित कंपनीचा. खोकं ओळखीचं आणि आत भलतंच, असा माल बाजारात आहे, म्हणून पुण्यात नाना पेठेत घ्या की मुंबईत कुर्ल्यात, बेअरिंग हातात धरून फिरवून घ्या. बेअरिंग हातोड्याने ठोकून बसवू नये. आतल्या कड्याच्या मापाचा पाइप लावून प्रेसवर बसवावं.

व्हॅक्यूम पंप उघडलाच आहे तर पाती बघावीत. कडा तुटलेल्या, पंपाच्या भिंतीवर खोल ओरखडे, असं असेल तर पंपही बदलायचा. पाती ठीक असतील तर ओ-रिंग आणि सील पुरे. बसवताना दोन गोष्टी विसरल्या जातात. ऑइलच्या नळीच्या बोल्टला असलेले तांब्याचे वॉशर जुने वापरले जातात, ते दबून कडक झालेले असतात आणि झिरपतात. इथे एक वॉशर नवा टाकूनही पाझरला, कारण तो बाजारात मिळाला तो पातळ होता. जाड वॉशर टाकल्यावर थांबला. दुसरं, गाडी चालू करण्याआधी पंपात दहा-पंधरा मिली इंजिन ऑइल सोडून पुली हाताने फिरवावी. नाहीतर नळीतून ऑइल पोचेपर्यंतचे काही सेकंद पाती कोरडी घासतात.

बसवून झाल्यावर ब्रेकची चाचणी करूनच गाडी बाहेर काढावी. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबायचं, ते टणक होतं. मग पाय तसाच दाबून सेल्फ मारायचा. इंजिन चालू होताच पेडल थोडं खाली बसलं पाहिजे. इंजिन बंद केल्यावरही दोन-तीन वेळा पेडल मऊ लागायला हवं. तसं नसेल तर बूस्टरच्या नळीतला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बघा. व्हॅक्यूम गेज असेल तर समुद्रसपाटीजवळ ६५० मिलिमीटर पारा किंवा वर मिळायला हवं. महाबळेश्वरसारख्या साधारण १,३५० मीटर उंचीवर हवेचाच दाब कमी, त्यामुळे तिथे तोच चांगला पंप शंभर-सव्वाशेने कमी दाखवतो. पंपाला दोष देऊ नका.

आता महिन्यांच्या वापरात काय दिसलं ते. थंड इंजिनावर १४.३, तासभर हायवेला चालवून तापल्यावर १३.९ असा आकडा सतत मिळतो. तापल्यावर थोडा उतरणं हा रेग्युलेटरचा स्वभाव आहे, बिघाड नाही. लायटरच्या सॉकेटमध्ये लावायचा छोटा व्होल्टमीटर घेतला, तो बॅटरीपेक्षा ०.२ ते ०.३ कमी दाखवतो. वायरिंगमधल्या घटीचा हा हिशोब एकदा समजला की वस्तू फार कामाची. लाल दिवा लागण्याआधी कितीतरी दिवस हा आकडा खाली सरकायला लागतो. अल्टरनेटरचं पोट कोरडं आहे, म्हणजे सील टिकलंय.

बेल्टने सुरुवातीला छळलं. नवा बेल्ट पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये ताणतोच, पण हा सकाळी पावसात सेल्फ मारल्या मारल्या किंचाळायचा. दोनदा ताण द्यावा लागला, मग शांत झाला. दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर १० ते १२ मिलिमीटर खाली जावा. त्याहून ताठ केला तर आवाज जातो खरा, पण पुढचं बेअरिंग लवकर मरतं, आणि वॉटर पंपाचंही. बेल्टवर साबण किंवा खडू घासणारे महाभाग असतात, त्याने काही साधत नाही. बेल्टच्या कडा आरशासारख्या चकाकत असतील तर तो बदलायचाच.

सर्व्हिसिंगला जेटने पाणी मारणाऱ्याला अल्टरनेटर दाखवून ठेवावा. पावसाच्या शिंतोड्यांनी त्याला काही होत नाही, पण प्रेशरचं पाणी चिखलासकट बेअरिंगच्या सीलच्या आत जातं.

खर्चाचं म्हणाल तर कार्बन, सील, ओ-रिंग, वॉशर हा मामला शेकड्यांतला. रेग्युलेटर आणि बेअरिंग धरूनही नव्या पंपासकट असेंब्लीच्या तुलनेत बिल बरंच खाली राहतं. मात्र स्टेटर आणि डायोड दोन्ही गेलेले असतील, पंपाची भिंतही खरवडलेली असेल, तर हा हिशोब उलटतो आणि कंपनीची नवी असेंब्लीच स्वस्त पडते. भंगारातून आणलेला ‘चालू’ अल्टरनेटर हा तिसरा पर्याय. त्याचंही सील आणि बेअरिंग बदलावंच लागतं, मग त्यात काय मिळवलं? जास्त अँपिअरचा बसवायची हौस असेल तर आधी जाड वायर टाका, नाहीतर जुनी वायर तापेल. हेडलाइट, टेललाइट, वायपर, ब्लोअर, एसीचा क्लच आणि फॅन मिळून भार चाळीस-पन्नास अँपिअरच्या घरात जातो. मूळचा अल्टरनेटर तेवढा पेलतो.

रस्त्यात लाल दिवा लागला तर पहिल्यांदा बॉनेट उघडून बेल्ट आहे का बघा. बेल्ट असेल आणि दिवस असेल तर मेकॅनिकल डिझेल फारशी वीज खात नाही. एसी, ब्लोअर, म्युझिक बंद करून लांबचा पल्ला गाठता येतो, फक्त गाडी बंद करायची नाही. रात्री हेडलाइटसह चांगल्या बॅटरीवर दोन-अडीच तासच धरावेत. बेल्टच तुटला असेल तर प्रकरण वेगळं. या गाड्यांत तोच बेल्ट बहुधा वॉटर पंपही फिरवतो, म्हणजे चार्जिंग, ब्रेकची मदत आणि इंजिनचं कूलिंग तिन्ही एकदम गेलं. बूस्टरमध्ये दोन-तीन ब्रेकपुरतं व्हॅक्यूम शिल्लक असतं. वरंधा किंवा आंबा घाटात उताराला असं झालं तर पेडल पंप करत ते संपवू नये. खालच्या गिअरमध्ये घेऊन एकदाच, सलग दाबून गाडी कडेला उभी करावी आणि चाकामागे दगड लावावा. व्हॅक्यूम संपल्यावरही ब्रेक लागतो, पण दोन्ही पायांचा जोर घालावा लागतो. सीटमागच्या पेटीत एक जादा बेल्ट आणि ताण देणाऱ्या बोल्टच्या मापाचे पाने असले की वीसेक मिनिटांचं काम आहे, अट एवढीच की तो बोल्ट आधी कधीतरी सोडवून ग्रीस लावून ठेवलेला असावा.