डिझेल घोटाळ्यातली गाडी: परत द्यावी, दुरुस्त करावी की आहे तशीच चालवावी?

फोक्सवॅगनची पोलो, व्हेंटो, जेट्टा, पसाट; तिच्याच समूहातल्या स्कोडाची रॅपिड, लॉरा, सुपर्ब; ऑडीची ए४. यांपैकी एखादी २००८ ते नोव्हेंबर २०१५ या काळातली, ईए १८९ डिझेल इंजिनाची गाडी तुमच्या दारात असेल, किंवा सेकंडहँडमध्ये स्वस्तात मिळतेय म्हणून तुम्ही ती घ्यायच्या बेतात असाल, तर तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. आहे तशी चालवायची, कंपनीचं सॉफ्टवेअर अपडेट करून घेऊन चालवायची, किंवा सोडून द्यायची. दहा वर्षांपूर्वी हाच पेच जगभरातल्या लाखो मालकांपुढे होता. त्यांनी काय निवडलं आणि त्यांच्या पदरात काय पडलं, ते शेजारी शेजारी ठेवून पाहिलं की आपला निर्णय बराच सोपा होतो. माझा कल आधीच सांगतो: पहिली वाट मला पटत नाही, आणि त्याचं कारण पैशाचं नाही.

नेमकं काय झालं होतं

१८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवॅगनला नोटीस बजावली. गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये असं सॉफ्टवेअर होतं, जे स्टीअरिंगची स्थिती, वेग, इंजिन किती वेळ चालू आहे आणि हवेचा दाब यांवरून गाडी रस्त्यावर आहे की प्रयोगशाळेच्या रोलरवर, हे ओळखायचं. चाचणी चालू असली की प्रदूषण रोखणारी यंत्रणा पूर्ण ताकदीने चालायची. रस्त्यावर आली की ती ढिली पडायची. नायट्रोजन ऑक्साइड या विषारी वायूचं प्रमाण मग मर्यादेच्या ४० पटींपर्यंत जायचं. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या विकल्या गेल्या होत्या.

हे उघडकीला आलं वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या एका छोट्या चमूमुळे, ज्यात भारतीय संशोधकही होते. मोजणीचं यंत्र डिकीत ठेवून त्यांनी गाड्या प्रत्यक्ष रस्त्यावर चालवल्या. जेट्टामधून मर्यादेच्या १५ ते ३५ पट आणि पसाटमधून ५ ते २० पट नायट्रोजन ऑक्साइड बाहेर पडत होता.

आता निर्णयासाठी लागणारी तांत्रिक गोष्ट. डिझेल इंजिनात ज्वलनाचं तापमान जितकं जास्त, तितका नायट्रोजन ऑक्साइड जास्त. तापमान खाली ठेवायला धुराचा काही भाग ईजीआर व्हॉल्व्हमधून पुन्हा इंजिनात सोडतात. त्याने नायट्रोजन ऑक्साइड कमी होतो, पण काजळी वाढते. ती इनटेकमध्ये आणि व्हॉल्व्हवर साचते, आणि गाडीत काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असेल तर तो लवकर भरतो. म्हणजे दुरुस्तीनंतर हवा स्वच्छ होते, पण ईजीआरचं काम वाढतं. जगभरातल्या मालकांचं 'अपडेट करावं की नको' हे द्वंद्व इथून सुरू होतं. ती भीती अगदीच निराधार नव्हती.

अमेरिका: निवड मालकाच्या हातात

अमेरिकेत मालकांना जे मिळालं, ते कॅनडा सोडला तर इतर कुठेही मिळालं नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायाधीश चार्ल्स ब्रेयर यांनी २५ ऑक्टोबर २०१६ रोजी समझोत्यावर अंतिम शिक्कामोर्तब केलं. २ लिटर इंजिनाच्या सुमारे ४ लाख ७५ हजार गाड्यांसाठी १,००० कोटी डॉलरहून थोडी जास्त रक्कम बाजूला काढण्यात आली आणि मालकापुढे दोन पर्याय ठेवण्यात आले.

गाडी परत दिली, तर घोटाळा फुटायच्या आधीची, म्हणजे सप्टेंबर २०१५ ची किंमत आणि वर नुकसानभरपाई. दोन्ही मिळून मॉडेलप्रमाणे १२,४७५ ते ४४,१७६ डॉलर. गाडी ठेवून दुरुस्त करून घेतली, तर फक्त भरपाई: ५,१०० ते सुमारे १०,००० डॉलर, आणि उत्सर्जन यंत्रणेवर वाढीव वॉरंटी.

यात एक बारकावा होता, जो हिशेबी मालकांनी बरोबर हेरला. किंमत सप्टेंबर २०१५ ची धरलेली होती आणि गाडी परत द्यायला २०१८ पर्यंत मुदत होती. वर्षाला १२,५०० मैलांच्या आत चालवली तर एक पैसाही कापला जात नव्हता. शांतपणे थांबलेल्या मालकाला दोन-तीन वर्षं गाडी जवळजवळ फुकट वापरायला मिळाली. डोक्यावर कर्ज असलेल्यांसाठीही तरतूद होती: बायबॅकच्या, म्हणजे गाडी परत घेताना मिळणाऱ्या, रकमेपेक्षा कर्ज जास्त असेल, तर कंपनी एका मर्यादेपर्यंत जादा भरून ते फेडत होती.

दुरुस्तीचं काय? 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'ने २०१५ मध्येच एक सोपा प्रयोग केला होता. गाडीला चाचणी चालू असल्याचं भासवलं आणि तसंच चालवून पाहिलं. २०११ च्या जेट्टाचं हायवेचं मायलेज गॅलनला ५० मैलांवरून ४६ वर आलं, आणि ० ते ६० मैलांचा वेग गाठायला ९.९ सेकंदांऐवजी १०.५ सेकंद लागले. जिणं हराम व्हावं असा हा फरक नाही. पण मायलेज पाहून जिने ही गाडी घेतली, तिला तो खुपणारच.

शेवटी दावा पूर्ण करणाऱ्यांपैकी ८६ टक्क्यांहून अधिक लोकांनी गाडी परत दिली. पैसा हे मोठं कारण होतंच, पण सगळं त्यातच आलं असं मला वाटत नाही. यातले कितीतरी जण 'क्लीन डिझेल' या जाहिरातीवर विश्वास ठेवून जास्त पैसे मोजून आले होते. पेट्रोल जाळत नाही, धूर करत नाही, हवा कमी बिघडवतो, असं ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना अभिमानाने सांगत होते. आपल्या नकळत कुणीतरी आपल्याच हातून हवा विषारी केली, हा राग चार पैशांच्या भरपाईने जात नाही. माझ्या मते तो राग रास्त होता आणि आजही आहे.

मग उरलेल्यांनी गाडी का ठेवली? रोज लांब पल्ल्याचं ड्रायव्हिंग करणाऱ्यांना तसा टॉर्क आणि तसं मायलेज देणारी दुसरी गाडी मिळत नव्हती. फोक्सवॅगनने अमेरिकेत डिझेल मोटारी विकणंच बंद केलं. गाडी हाताशी, भरपाई खिशात आणि वॉरंटी वाढलेली, हा त्यांच्यासाठी तोट्याचा सौदा नव्हता.

परत आलेल्या गाड्यांचं काय झालं? मिशिगनमधल्या पॉन्टिअॅक सिल्व्हरडोम या ओसाड स्टेडियमच्या आवारात आणि कॅलिफोर्नियात व्हिक्टरव्हिलच्या वाळवंटात त्या रांगेने उभ्या राहिल्या. २०१८ च्या सुरुवातीला अशा जवळपास ३ लाख गाड्या साठवलेल्या होत्या. त्यांतल्या पुष्कळशा दुरुस्त होऊन पुन्हा विकल्या गेल्या. अमेरिकेतल्या कुणा मराठी वाचकाला आज सेकंडहँड टीडीआय, म्हणजे फोक्सवॅगनची डिझेल गाडी, दिसली, तर ती यांतलीच असण्याची शक्यता दाट आहे. दुरुस्तीची नोंद असेल तर ती घ्यायला माझी हरकत नाही.

जर्मनी: आधी हुकूम, मग कोर्ट

जर्मनीत बायबॅक नव्हतं. तिथल्या वाहन प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१५ मध्ये २४ लाख गाड्यांचा सक्तीचा रिकॉल काढला, म्हणजे त्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. अपडेट करा, नाहीतर नोंदणी रद्द.

दुरुस्ती इतकी साधी होती की लोकांचा विश्वास बसेना. २ लिटर आणि १.२ लिटर इंजिनांना फक्त सॉफ्टवेअर, अर्ध्या तासाचं काम. १.६ लिटरला सॉफ्टवेअरशिवाय प्लास्टिकची एक आखूड नळी, आतून जाळीदार. आत येणारी हवा सेन्सरपाशी घुसळत न येता सरळ यावी आणि तिचं माप अचूक मिळावं, म्हणून ती सेन्सरच्या आधी बसवायची. मुठीत मावणाऱ्या त्या नळीकडे पाहून मालकांनी विचारलं की हे एवढंच होतं, तर आधीच का नाही बसवलं? प्रश्न बिनतोड होता. अमेरिकेत मात्र हे असं भागलं नाही, कारण मर्यादाच वेगळ्या होत्या. अमेरिकेत मैलाला ०.०७ ग्रॅम, म्हणजे किलोमीटरला जेमतेम ०.०४ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडची मुभा. युरोपच्या युरो ५ नियमात किलोमीटरला ०.१८ ग्रॅम, आपल्या बीएस-४ मध्ये ०.२५ ग्रॅम.

अपडेटनंतर ईजीआर व्हॉल्व्ह खराब झाल्याच्या, गाडी ओढत नसल्याच्या तक्रारी तिथे बऱ्याच झाल्या. पैसे हवे असतील तर कोर्टाची वाट होती, आणि तिचेही दोन फाटे. ग्राहक संघटनेने लढलेल्या सामूहिक दाव्यात फेब्रुवारी २०२० मध्ये ८३ कोटी युरोंचा समझोता झाला: गाडीच्या वयाप्रमाणे १,३५० ते ६,२५७ युरो, आणि गाडी मालकाकडेच. दुसरा फाटा स्वतंत्र खटल्याचा. मे २०२० मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने फोक्सवॅगनच्या शारान गाडीच्या एका मालकाच्या बाजूने निकाल दिला. त्याने ३१,४९० युरोंना घेतलेली गाडी परत देऊन त्याला सुमारे २५,६०० युरो मिळाले, म्हणजे वापराचे पैसे वजा करून. पण त्याच न्यायालयाने जुलैमध्ये सांगितलं की गाडी खूप पळाली असेल, तर वापराची वजावट सगळी रक्कम खाऊन टाकू शकते, आणि घोटाळा जाहीर झाल्यावर ज्याने गाडी घेतली त्याला काहीच मिळणार नाही. कमी चाललेल्या गाडीला खटला फायद्याचा, जास्त चाललेल्या गाडीला समझोता.

आपल्याकडे: अपडेट मिळालं, पैसे नाहीत

डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतात ३,२३,७०० गाड्या परत बोलावण्याची घोषणा केली: फोक्सवॅगनच्या १,९८,५००, स्कोडाच्या ८८,७०० आणि ऑडीच्या ३६,५००. हे झालं पुण्याच्या एआरएआय या वाहनं तपासणाऱ्या संस्थेतल्या चाचण्यांनंतर. यांतली पोलो आणि व्हेंटो तर तेव्हा चाकणला बनायची. रिकॉल ऐच्छिक होता, सक्ती नव्हती. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने कंपनीला ५०० कोटींचा दंड ठोठावला. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने कंपनीविरुद्धच्या सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली. मालकांना भरपाई मात्र कुणी देऊ केली नाही. अमेरिकेतल्या मालकाला किमान ५,१०० डॉलर आणि तीच फसवणूक सोसलेल्या आपल्याकडच्या मालकाला शून्य, ही गोष्ट मला अजूनही सहन होत नाही.

त्यामुळे आपल्या तराजूत भरपाईचं पारडं नाहीच. उरतात तीन वाटा.

*आहे तशी चालवणं.* ओळखीचा मेकॅनिक सांगतो, "साहेब, मस्त चाललीय ना? मग कशाला हात लावताय?" गाडीच्या दृष्टीने त्याचं म्हणणं चूक नाही. पीयूसीही निघते. पण ती कशी निघते ते पाहा: सायलेन्सरमध्ये नळी घालतात, गाडी जागेवरच रेस करतात, यंत्र धुराचा काळेपणा मोजतं आणि कागद छापून देतं. डिझेलच्या पीयूसीत नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. ज्या विषासाठी हा सगळा घोटाळा झाला, ते डोळ्यांना दिसत नाही आणि आपल्या पीयूसीत पकडलं जात नाही. श्वासनलिका सुजवणं, दम्याच्या रुग्णाचा त्रास वाढवणं आणि उन्हात ओझोन तयार करायला हातभार लावणं हे त्याचं काम. सिग्नलला मागे उभ्या स्कूटरवर पुढे बसलेलं मूल ते ओढून घेत असतं. म्हणून ही वाट मला मान्य नाही.

*अपडेट करून चालवणं.* १५ वर्षांच्या नोंदणीला अजून दोन-चार वर्षं बाकी असतील आणि इंजिन धडधाकट असेल, तर माझं मत याला. आधी अधिकृत सर्व्हिस सेंटरला चेसिस नंबर देऊन अपडेट झालंय का ते विचारा. पुष्कळ गाड्यांचं नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्येच उरकलेलं असतं आणि मालकाला पत्ता नसतो. झालं नसेल, तर कामाच्या आधी ईजीआर आणि इनटेक साफ करून घ्या. आधीच काजळलेल्या व्हॉल्व्हवर नवा भार टाकला की तो बंद पडतो आणि खापर अपडेटवर फुटतं. जॉबकार्डावर अपडेटची नोंद मागून घ्या. मायलेज टाकी फुल करून मोजा, आधीही आणि नंतरही, आणि फरक जाणवला तर तोंडी न सांगता लेखी कळवा.

*सोडून देणं.* २०११-१२ पर्यंतच्या गाडीसाठी मी हेच सुचवेन. १५ वर्षं भरली की पुन्हा नोंदणी, फिटनेस, ग्रीन टॅक्स, आणि त्यात इंजेक्टर किंवा टर्बोचं काम निघालं तर खर्च गाडीच्या किमतीच्या वर जातो. अधिकृत स्क्रॅप केंद्रात दिली तर मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते. विकायचीच असेल तर अपडेट झालंय की नाही हे घेणाऱ्याला स्पष्ट सांगा. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तर तुम्ही फसलात.

आणि तुम्ही घेणारे असाल, तर टेस्ट ड्राइव्हच्या आधी जॉबकार्ड मागा. अपडेटची नोंद आणि ईजीआरच्या कामाचं बिल दोन्ही दाखवता येत असेल, तरच भावावर बोला. नोंद नसेल आणि मालक "काही फरक पडत नाही" म्हणत असेल, तर ईजीआर, इनटेक सफाई आणि अपडेटसाठीचा दिवस धरून तेवढे पैसे कमी करायला सांगा. तो तयार नसेल, तर त्याच बजेटमध्ये पेट्रोल पोलो किंवा व्हेंटो मिळते, ती घ्या.