पासबुकात दहा-दहा हजारांच्या तीन ओळी

ओटीपी कुणाला सांगितला नाही, कुठल्या लिंकवर बोट ठेवलं नाही, एटीएम कार्ड तर कपाटातच. तरी पासबुक भरून आणल्यावर सलग तीन दिवसांच्या तीन ओळी दिसतात: दर वेळी १०,००० रुपये नावे, शेजारी 'एईपीएस'. पहिला संशय घरातल्याच कुणावर तरी जातो, मग फोनवर. दोन्ही चूक. पैसे अंगठ्यावर गेलेले असतात.

एईपीएस म्हणजे आधारच्या जोरावर पैसे काढायची सोय. बँक नसलेल्या गावात ती खरंच कामाची आहे, पण तिला लागतं काय? आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा. पिन नाही, ओटीपी नाही. एका व्यवहाराची मर्यादा १०,००० असल्याने चोर त्याच आकड्याने काढत जातो. आणखी एक गैरसमज: अनुदान एकाच खात्यात येतं म्हणून धोकाही एकाच खात्याला, असं लोक धरून चालतात. आधार तीन बँकांत जोडलेलं असेल तर तिन्ही बँकांची दारं त्याच एका अंगठ्याने उघडू शकतात.

मग ठसा चोराला मिळतो कुठून? खरेदीखताच्या शेवटची पानं काढून बघा. दस्त गोषवारा भाग-२ वर फोटो आणि त्याच्याशेजारी अंगठ्याचा स्पष्ट ठसा. मागे आधारची झेरॉक्स जोडलेली. ठसा आणि क्रमांक एकाच गठ्ठ्यात, आणि त्या गठ्ठ्याच्या प्रती घर घेणारा, विकणारा, एजंट, कर्ज देणारी बँक अशा कितीतरी हातांतून फिरतात. २०१८ साली तेलंगणात एका सिमकार्ड विक्रेत्याने जमिनीच्या दस्तांवरच्या ठशांवरून नकली ठसे बनवून सिमकार्डं चालू केली होती. पुढे हीच युक्ती खात्यांवर वापरली गेली. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, अंगठ्याचं तसं नाही.

दुसरा प्रकार याहून साधा, त्यात नकली ठसाही लागत नाही. बँकेच्या वतीने पैसे देणाऱ्या ग्राहक सेवा केंद्रावर मावशी दोन हजार काढायला येतात. मशीनवर अंगठा ठेवतात, केंद्रवाला म्हणतो, "लागला नाही, पुसून पुन्हा ठेवा." मग, "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." त्यातला एखादा ठसा लागलेला असतो आणि पैसे वळते झालेले असतात. कधी 'फक्त बॅलन्स बघतो' म्हणून घेतलेल्या अंगठ्यावर पैसे निघतात. म्हणून दर वेळी अंगठा ठेवण्याआधी स्क्रीनवर रक्कम स्वतः वाचायची आणि व्यवहार फसला तरी फसल्याची पावती मागायची. पावती देत नसेल तर दुसऱ्यांदा अंगठा द्यायचा नाही.

पैसे गेलेच तर आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन, मग सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार. शाखेत नुसतं तोंडी सांगून परतू नका. लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलेल्या नियमाप्रमाणे चूक ना बँकेची ना ग्राहकाची असेल, आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर काहीच भार येत नाही. बँकेने दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करायची असते. प्रकरण अडतं ते इथेच: एसएमएस जुन्या, बंद नंबरवर गेलेला असतो आणि बँक तेव्हापासून दिवस मोजू लागते.

"अंगठा तुमचाच आहे" हे उत्तर ठरलेलं. त्यावर व्यवहाराचा आरआरएन म्हणजे संदर्भ क्रमांक, मशीनचा टर्मिनल क्रमांक आणि पैसे देणारा केंद्रवाला कोणत्या बँकेचा एजंट, हे लेखी मागा. आधारच्या मायआधार पोर्टलवर मागच्या सहा महिन्यांत आपलं आधार कधी-कधी पडताळलं गेलं, याचा इतिहास निघतो, पण एका वेळी ५० नोंदीच. अर्जाला तो जोडा. परजिल्ह्यातल्या मशीनवर अंगठा लागला त्या वेळी माणूस आपल्या गावात होता, हे दाखवता आलं तर बँकेचा सूर बदलतो. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

हे सगळं टाळणारं कुलूप फुकट आहे. आधारच्या अधिकृत ॲपमध्ये किंवा मायआधारवर 'बायोमेट्रिक लॉक' करा, म्हणजे अनलॉक करेपर्यंत आधारसाठी अंगठा चालतच नाही. त्यासाठी मोबाइल आधारला जोडलेला हवा, नसेल तर आधी ते काम. पुढच्या दस्ताला किंवा हॉटेल-लॉजला झेरॉक्स देताना पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार चालेल का, हे आधी विचारा. बरेचदा चालतं. जुन्या दस्तांतला ठसा मात्र परत घेता येत नाही, तिथे कुलूपच.

लॉक केल्यावर लाडक्या बहिणीचे १,५०० थांबतील ही भीती बऱ्याच घरांत ऐकू येते. थांबत नाहीत; पैसे जमा व्हायला अंगठा लागतच नाही. रेशनला मात्र लागतो. दुकानाच्या रांगेत पुढे आलात की मोबाइलवरून तात्पुरतं अनलॉक करा. ते विसरलात आणि मशीनवर ३३० हा एरर आला, तर दुकानदाराशी भांडू नका. कुलूप लागलेलं आहे एवढाच त्याचा अर्थ.