वाळूचा हौद की मातीचा कोपरा?

बहुतेक बालवाड्यांच्या अंगणात दहा बाय दहा फुटांचा मोकळा तुकडा, एक नळ आणि दोन ताई एवढंच असतं. तिथे दोन्ही नीट सांभाळणं होत नाही, एकच निवडावं लागतं. नळ अंगणातच असेल आणि मुलं चार ते सहा वर्षांची असतील तर आम्ही माती सुचवू. पाण्याची टंचाई असेल किंवा मुलं तीन वर्षांची असतील तर वाळू.

वाळू लगेच दाद देते. ओतली की वाहते, ठसा उमटतो, पुसला जातो. तीन वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं. उंच डब्यातली वाळू पसरट ताटलीत ओतली की मुलं म्हणतात, "कमी झाली." पुन्हा डब्यात ओतायला लावा, उत्तर सांगू नका. कोरडी वाळू ओतण्या-मोजण्यासाठी. किल्ले हवे असतील तर आठ भांडी वाळूला एक भांडं पाणी. त्याहून जास्त झालं की भिंत बसते.

हौद आठ बाय सहा फूट, खोली वीस इंच. तळाशी चार इंच खडी, तिच्यावर शेडनेट दुहेरी घडी करून, मग एक फूट वाळू. वरचे चार इंच मोकळे, नाहीतर वाळू अंगणभर होते. वाळू ४८ घनफूट, म्हणजे जवळपास अर्धा ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). एका वेळी पाच-सहा मुलं. तळाला सिमेंट नको: पाणी जिरत नाही आणि पावसाळ्यात वाळूला कुजका वास येतो. क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, सहज मिळते, पण तिचे कण धारदार असतात आणि भुकटी डोळ्यांत जाते. नदीची, चाळून धुतलेली वाळूच घ्या. काचेच्या बाटलीत वाळू आणि पाणी हलवून तासभर ठेवा. वर गाळाचा जाड थर बसला तर अजून धुवायला हवी.

हौद बिघडतो तो बहुधा मांजरांमुळे. त्यांच्या विष्ठेतली जंतांची अंडी वाळूत टिकतात. शाळा सुटताना हौद जाळीच्या चौकटीने रोज झाकायला हवा. नुसती ताडपत्री टाकली तर खाली दमट राहतं. आठवड्यातून एकदा फावड्याने तळापर्यंत उलथून ऊन द्यायचं. हे काम नेमकं कोणाचं, ते ठरलेलं नसेल तर हौद बांधूच नका.

मातीला बांधकाम लागत नाही. दहा-बारा घमेली माती, विटांची कड आणि झाडाची सावली पुरे. रस्त्याकडेची, पाडलेल्या भिंतींच्या राडारोड्याची किंवा फवारणी झालेल्या शेतातली माती नको. पाडलेल्या भिंतींच्या जुन्या रंगात शिसं असू शकतं. माती रात्रभर भिजवा, चाळा, मग मळा. नुसती काळी माती हाताला चिकटते आणि सुकताना तडकते. तीन घमेल्यांना एक घमेलं वाळू आणि मूठभर बारीक भुसा घाला, आणि वस्तू सावलीत सुकवा. कोकणातली तांबडी माती कपड्यांवरून निघत नाही, म्हणून एक जुना सदरा बालवाडीतच ठेवायला पालकांना सांगा.

मातीची खरी ताकद मळण्यात आहे. तळवा, बोटं, मनगट यांना वाळूपेक्षा कितीतरी जास्त जोर लागतो, आणि पेन्सिल धरायला लागणारी ताकद इथूनच येते. "अक्षरं कधी शिकवणार?" असं विचारणाऱ्या पालकांना मुलाने वळलेला बैल हातात द्या आणि त्याचे चारही पाय सारखे वळायला काय लागलं ते दाखवा. बेंदूर-पोळ्याचे बैल, दिवाळीचा किल्ला: वर्षभराचं काम आपल्या सणांतच आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५मध्ये पालघरजवळच्या बोर्डी गावात बालवाडी सुरू केली तेव्हा महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, दगड असं जवळपास मिळणारं साहित्य वापरलं. माती त्याच वाटेची.

मातीचं दुखणं हात धुण्याचं. वीस मुलं एका नळावर धुवायला पंधरा मिनिटं जातात, म्हणून खेळ डब्याच्या सुट्टीआधी ठेवा, मात्र हात धुवायला वेळ राखून. साबण, कापलेली नखं आणि पायात चप्पल हवीच. धनुर्वाताच्या लसीची नोंद प्रवेशाच्या वेळीच बघा.

बादलीतलं उरलेलं पाणी मात्र दोन्हीकडे खेळ संपताच ओतून टाका, बादली पालथी घाला. लहान मूल वीतभर पाण्यातही बुडू शकतं.