उंदरांसाठीचं लॅबमधलं गिलोटिन, दोन वर्षं वापरल्यावर

नाव वाचूनच काहींना कसंतरी होईल म्हणून आधीच सांगतो, मेंदूतली रसायनं मोजायची असली की भूल देऊन चालत नाही, भुलीनं तीच बदलतात, म्हणून काही मोजक्या प्रयोगांत एथिक्स कमिटीची परवानगी काढून हे उंदराची मान एका झटक्यात कापणारं यंत्र वापरावं लागतं.

बेस जड आहे, टेबलावर हलत नाही. हँडल लांब असल्यामुळे जोर कमी लागतो आणि हात थरथरत नाही, हे फार महत्त्वाचं. स्टील चांगलंय पण धुऊन लगेच कोरडं केलं नाही तर बिजागरीपाशी गंज धरतो.

नवीन मुलं पहिल्या दिवशी एकच विचारतात, सर उंदराला नंतर कळत असतं का? पाय झाडतो ते बघून घाबरतात, पण ते मणक्यातल्या मज्जारज्जूचं काम, तिथे मेंदूचा संबंधच उरलेला नसतो. खरा प्रश्न डोक्याचा. 1905 मध्ये फ्रान्समध्ये डॉ. बोर्यो यांनी लांगिल नावाच्या कैद्याचं डोकं पडल्यावर त्याला नावानं हाक मारली आणि त्यानं डोळे उघडून बघितलं असं लिहून ठेवलं, ती गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण ती एका माणसानं एकदा पाहिलेली. मला मोजमाप जास्त पटतं. 1975 मध्ये उंदरांच्या ईईजीत, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींच्या नोंदीत, मान कापल्यावर साधारण 14 सेकंद लहरी दिसल्या आणि त्या वेदना मानल्या गेल्या, मग इतरांनी दाखवलं की तशा लहरी भुलीतही दिसतात, म्हणजे लहर आहे म्हणून वेदना आहेच असं नाही. 2011 मध्ये नेदरलँड्समध्ये जागेपणाशी जोडलेल्या लहरींची ताकद सुमारे 4 सेकंदांत निम्म्यावर आलेली दिसली. माणसांतही 1943 च्या प्रयोगात मानेभोवती पट्टा फुगवून मेंदूचं रक्त थांबवलं तर 5 ते 10 सेकंदांत शुद्ध हरपली.

म्हणजे काही सेकंद. पण शून्य नाही, आणि म्हणूनच मी धारेबद्दल इतका हट्टी आहे. रोज सकाळी ओला गॉज (जखमेवर लावतात ते जाळीदार कापड) कापून बघतो, कडा सरळ आली तरच काम सुरू. पहिलं वर्ष एकदम मस्त. मग धार लावायला सप्लायरकडे दिलं तर दीड महिना गेला, आणि परत आलं तेव्हा दोन पाती नीट जुळतच नव्हती, गॉजचे तीन धागे मधेच लोंबकळत राहिले. त्या धाग्यांच्या जागी मान आली असती हे डोळ्यासमोर आलं आणि मी तिथल्या तिथे सगळं थांबवलं, उंदीर पिंजऱ्यात परत ठेवले. सप्लायरचं म्हणणं, एवढं चालतं. नाही चालत हो!

मशीनला चार स्टार, सर्व्हिसला एक. घेणार असाल तर जादा ब्लेड सोबतच मागवा. आमचं नवीन ब्लेड यायचंय, तोपर्यंत भूल देऊन करता येतात तेवढेच प्रयोग लावलेत.