हजेरीला अंगठा की चेहरा?

विद्यापीठात नवीन हजेरीयंत्रं घ्यायची ठरली की दरपत्रकांवर चर्चा होते, पण यंत्रापुढे रोज उभं कोण राहणार याचा विचार फारसा होत नाही. नुसते प्राध्यापक आणि लिपिक धरले, तर बोटाचं यंत्र पुरतं. स्वस्तही पडतं. अडचण येते ती चतुर्थ श्रेणीत.

माळी, सफाई कामगार, रसायनशास्त्राचे प्रयोगशाळा परिचर यांच्या बोटांवरच्या रेषा खुरप्याने, फिनेलने, आम्लांनी झिजलेल्या असतात. पावसाळ्यात बोट ओलं, थंडीत भेगाळलेलं. चार वेळा दाबूनही 'पुन्हा प्रयत्न करा' येतं, मागे रांग वाढते, सवलतीची दहा मिनिटं संपतात आणि लेटमार्क पडतो. तीन लेटमार्कांना एक किरकोळ रजा कापायचा नियम असेल, तर वेळेवर आलेल्या माणसाची रजा जाते. मग त्याचा अर्ज, विभागप्रमुखांची शिफारस आणि ऐन पगारबिलाच्या दिवसांत आस्थापनेच्या लिपिकाने हाताने घातलेली नोंद. मस्टर बंद करायला यंत्र आणलं आणि त्याच्या शेजारीच मस्टर पुन्हा उघडलं! माझा कौल चेहऱ्याच्या बाजूने ठरला तो इथेच.

अंगठ्याऐवजी दोन्ही हातांची तर्जनी आणि मधलं बोट अशी चार बोटं नोंदवली, काच रोज मऊ कापडाने पुसली, तर त्रास कमी होतो, जात नाही. आधारशी जोडलेली हजेरी केंद्र सरकारी कार्यालयांत २०१४ पासून आहे. तिथे ठशाची पडताळणी सर्व्हरवर होते, त्यामुळे झिजलेल्या बोटाच्या जोडीला इंटरनेटचाही भरवसा लागतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२५ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांच्या अध्यापकांना बोटाकडून चेहऱ्याकडे वळवलं, ते मला योग्य वाटतं.

चेहऱ्याच्या यंत्राचंही पथ्य आहे. ते दारासमोरच्या भिंतीवर लावू नये. येणाऱ्याच्या पाठीमागून ऊन आलं की चेहरा काळा दिसतो आणि ओळख पटत नाही. बाजूची, सावलीतली भिंत बरी. इन्फ्रारेड कॅमेरा हवाच. विकत घेण्याआधी मोबाइलवरचा फोटो समोर धरून बघा. त्यावर हजेरी लागली तर ते यंत्र परत पाठवा. चेहरा झाकणाऱ्या महिला कर्मचाऱ्यांसाठी बोटाचा पर्याय चालू ठेवावा लागतो, म्हणून दोन्ही सोयी असलेलं यंत्र घेणं शहाणपणाचं.

परीक्षा केंद्र, भरारी पथक किंवा उत्तरपत्रिका तपासणीला गेलेले अध्यापक मात्र दोन्हींत गैरहजरच दिसतात. कर्तव्य रजेचा आदेश त्याच दिवशी प्रणालीत चढवणं, एवढाच त्यावर उपाय.

अजूनही बोटाकडेच कल असेल, तर खरेदीआधी एक नमुना यंत्र मागवून ते कुलसचिव कार्यालयात न ठेवता आठवडाभर उद्यान विभागाच्या शेडमध्ये ठेवा आणि कोणाला किती वेळा बोट दाबावं लागतं ते वहीत लिहून घ्या.