सोंग-कुलचं गवत मे महिन्यात हिरवं नसतं

किर्गिझस्तानला जायचं ठरवलं तेव्हा ओळखीतलं कुणीच तिकडे गेलेलं नव्हतं. फसायला तेवढं पुरतं.

फोनवर शोधता शोधता एक ‘स्थानिक आयोजक’ सापडला. रात्री अकराला विचारलं तरी लगेच उत्तर. आठ दिवसांची सहल: राजधानी बिश्केक, इसिक-कुल तळं, सोंग-कुल तळ्याकाठी दोन रात्री युर्टमध्ये, म्हणजे मेंढपाळांच्या गोल तंबूत, आणि शेवटी चीनच्या सीमेलगतचं केल-सू तळं. आमची सुट्टी मेच्या पहिल्या आठवड्यात. “बेस्ट सीझन!” तो म्हणाला. दोघांचे ६०० डॉलर आगाऊ घेतले, तेही भलत्याच कुणाच्या खात्यावर. तिथेच खटकायला हवं होतं. खटकलंही होतं, पण फोटो फार सुंदर होते.

ई-व्हिसा मात्र सरकारी संकेतस्थळावरून आम्ही स्वतः काढला. सगळ्या प्रकरणात तेवढंच एक शहाणपण.

विमानतळावर कुणी आलं नाही. फोन बंद. दोन दिवस बिश्केकमध्ये वाट पाहिली आणि शेअर टॅक्सीने कोचकोर गाव गाठलं. सोंग-कुलला जाणारे बरेच जण इथूनच निघतात. गेस्टहाउसच्या आजींना फोटो दाखवला, तर त्यांनी खिडकीतून पांढऱ्या डोंगरांकडे बोट दाखवलं. तळं ३,००० मीटरच्या वर. घाटातला बर्फ हटून रस्ता मोकळा व्हायला मेअखेर, कधी जून उजाडतो. तेव्हा मेंढपाळ कळप घेऊन जायलूवर, म्हणजे उन्हाळी कुरणांवर चढतात, युर्ट उभारतात आणि सप्टेंबरच्या सुमारास गुंडाळून खाली येतात. आम्ही पैसे मोजले होते ते तंबू तेव्हा कुणाच्या तरी परसात गुंडाळून पडले असणार.

केल-सूची गंमत तर वेगळीच. ते सीमाक्षेत्रात येतं, परदेशी माणसाला आधी परवाना काढावा लागतो. त्याचे निराळे ८० डॉलर घेऊन आयोजकाने एका कागदाचा फोटो पाठवला होता. सिरिलिक मजकूर, निळा गोल शिक्का, वर आमची नावं. आजींनी चष्मा लावून तो वाचला, लेकीला हाक मारली आणि दोघी पोट धरून हसल्या. चार टायरांची पावती होती ती! आमची नावं वरच्या कोऱ्या जागेत घुसडलेली. परवान्याला पासपोर्टची प्रत लागते. ती त्याने कधी मागितलीच नव्हती. आणि भाषांतराचं अ‍ॅप माझ्या फोनमध्ये होतं. महिनाभर कागद जवळ असून मला ते उघडायचं सुचलं नाही.

तुम्ही जाणार असाल तर कोचकोरमध्येच कम्युनिटी बेस्ड टुरिझमवाले, म्हणजे स्थानिक लोकांच्या पर्यटन संस्थेतले लोक, घोडे, युर्ट, गाडी ठरवून देतात. पैसे तिथे पोचल्यावर सोममध्ये, म्हणजे तिथल्या चलनात, द्या. आधी कुणाशी बोलणं झालंच, तर “आमच्या तारखांना घाट उघडा असतो का?” एवढं दोन-तीन वेगवेगळ्या गेस्टहाउसना विचारा. आम्ही एकालाच विचारलं, आणि तोच विकायला बसला होता.

परवा तेच फोटो नव्या नावाने दिसले. एप्रिलसाठी खास सवलत आहे म्हणे. गवत हिरवंगार.